हार्ड डिस्क पुन्हा पुन्हा पीआयओ मोडमध्ये घसरते: जुन्या कॉम्प्युटरवर ट्रान्सफर सेटिंग सुरक्षितपणे कसं बदलायचं

लक्षणं साधारण अशी असतात. बरा चालणारा जुना पीसी एक दिवस रखडायला लागतो. मोठी फाइल कॉपी करताना माउसचा बाणसुद्धा अडखळतो, गाणं तुटत तुटत वाजतं, डीव्हीडी झटके घेते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर भरलेला दिसतो, पण तो नेमका कोण खातंय ते यादीत सापडत नाही. डीफ्रॅग करून, अँटिव्हायरस काढून फरक पडत नाही. डिव्हाइस मॅनेजरमधून डिस्कचा चॅनल, म्हणजे डिस्क जिथे जोडलेली असते ती वाट, अनइन्स्टॉल करून रिस्टार्ट केलं की वेग परत येतो, आणि काही दिवसांनी गाडी पुन्हा मूळपदावर.

इथे भर आहे तो या 'पुन्हा'वर. वेग परत आणणं पाच मिनिटांचं काम आहे. तो का गेला हे न बघता परत आणणं मात्र डेटासाठी धोक्याचं आहे.

आत काय घडतं

डेटा ने-आण करण्याच्या दोन पद्धती आहेत, पीआयओ आणि डीएमए. पीआयओमध्ये डिस्क आणि मेमरी यांच्यातला प्रत्येक शब्द, म्हणजे दोन-दोन बाइट, प्रोसेसर स्वतः वाहून नेतो. डीएमएमध्ये कंट्रोलर थेट मेमरीत लिहितो आणि काम झालं की प्रोसेसरला कळवतो. कागदावर पीआयओ ४ ची कमाल सेकंदाला १६.७ एमबी आहे, पण घसरलेल्या विंडोज एक्सपीवर हातात बरेचदा ३-४ एमबीच येतात. ४ जीबीची फाइल सेकंदाला ४० एमबीने पावणेदोन मिनिटांत होते, ३ एमबीने बावीस मिनिटं लागतात.

अल्ट्रा डीएमए हा डीएमएचाच वेगवान प्रकार. त्याच्या पायऱ्या लक्षात असू द्या, पुढे लागतील: मोड २ म्हणजे ३३, मोड ४ म्हणजे ६६, मोड ५ म्हणजे १०० आणि मोड ६ म्हणजे १३३ एमबी प्रतिसेकंद.

आता मुद्दा. अल्ट्रा डीएमएमध्ये डेटाच्या प्रत्येक हप्त्यासोबत सीआरसी, म्हणजे डेटावरून काढलेला तपासणीचा आकडा, ताडला जातो. केबलमधून येता-जाता एखादा बिट उलटला तर ड्राइव्ह चूक कळवतो आणि ड्रायव्हर तीच मागणी पुन्हा करतो. एक्सपीचा ड्रायव्हर अशा चुका मोजत बसतो. सीआरसीच्या किंवा वेळेत उत्तर न आल्याच्या एकूण सहा चुका साचल्या की तो एक पायरी खाली उतरतो. असं उतरत उतरत शेवटी पीआयओ. मोजणी एकूण चुकांची आहे, सलग चुकांची नाही, त्यामुळे महिन्याला दोन चुका होणारा पीसीसुद्धा कधी ना कधी खाली येतोच.

'पीआयओ सावकाश पण सुरक्षित' हा समज इथे घातक ठरतो. पीआयओमध्ये सीआरसी नाहीच. केबल खराब असेल तर अल्ट्रा डीएमए ओरडून सांगतो, पीआयओ गुपचूप चुकीचा बाइट लिहून मोकळा होतो. वेग कमी असल्यामुळे चुका कमी होतात हे खरं, पण झालेली चूक कळत नाही. म्हणून पीसी पीआयओत पडलेला असताना 'चालतंय तोवर चालू दे' म्हणत त्यावर महत्त्वाचं काम करत राहू नका.

आधी खात्री करा

एक्सपीमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडा, 'आयडीई अटा/अटापी कंट्रोलर्स' पसरवा (आयडीई म्हणजे डिस्क जोडण्याची जुनी पद्धत), 'प्रायमरी आयडीई चॅनल'च्या प्रॉपर्टीजमध्ये 'अॅडव्हान्स्ड सेटिंग्ज' टॅब. तिथे दोन ओळी वेगळ्या वाचायच्या. 'ट्रान्सफर मोड' ही तुमची इच्छा आणि 'करंट ट्रान्सफर मोड' ही वस्तुस्थिती. वर 'डीएमए इफ अव्हेलेबल' आणि खाली 'पीआयओ मोड' दिसलं तर ड्रायव्हर स्वतःहून घसरलाय. वरच 'पीआयओ ओन्ली' असेल तर ते कोणीतरी हाताने ठेवलंय. का ठेवलं असेल त्याचा विचार करूनच बदला.

सेकंडरी चॅनलही बघा. डीव्हीडी ड्राइव्हला तिथे मोड २ किंवा मोड ४ दिसणं नेहमीचं आहे, त्याला मोड ५ नाही म्हणून शोधाशोध करू नका.

मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'सिस्टिम' लॉग उघडा. 'अटापी' या स्रोताच्या नोंदी शोधा. क्रमांक ९ म्हणजे ड्राइव्हने वेळेत उत्तर दिलं नाही, क्रमांक ११ म्हणजे कंट्रोलरवर चूक आढळली. 'डिस्क' या स्रोताची क्रमांक ७ ची नोंद दिसली तर तो खराब ब्लॉक आहे. तिथे थांबा, सेटिंग विसरा, आधी डेटा काढा.

स्मार्ट, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद, वाचणारा कुठलाही प्रोग्रॅम चालवून चार आकडे कागदावर लिहून ठेवा. १९९ हा अल्ट्रा डीएमए सीआरसी चुकांचा, ५ हा बदली केलेल्या सेक्टरांचा, १९७ प्रलंबित सेक्टरांचा, १९८ दुरुस्त न होणाऱ्यांचा. १९९ चा आकडा मोठा आणि बाकी तीन शून्य असतील तर दोष बहुधा वाटेत आहे, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पोर्टमध्ये. १९७ वर चढत असेल तर डिस्कची तबकडीच जाऊ लागलीय. १९९ चा आकडा केबल बदलल्यावर शून्य होत नाही, तो ड्राइव्हमध्ये कायमचा राहतो. त्यामुळे तो किती आहे याला फारसं महत्त्व नाही. तो वाढतोय का, हे बघायचं.

सेटिंगला हात लावण्याआधी

बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घ्या, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर नको. मोड चुकीचा बसला तर नुकसान एखाद्या फाइलपुरतं राहत नाही, फाइल सिस्टिमच्या नोंदीच बिघडू शकतात, आणि तो धोका सगळ्याच पार्टिशन्सना असतो.

सध्याचे मोड लिहून ठेवा. बायोसमधल्या, म्हणजे पीसी चालू होताना उघडणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमधल्या, आयडीईच्या पानाचा फोटो काढा. जुन्या बोर्डवर सीआर २०३२ बॅटरी उतरलेली असते आणि मागची सेटिंग्ज आठवायचा तोच एक आधार राहतो. पीसीची तारीख दर वेळी मागे जात असेल तर आधी बॅटरी बदला, नाहीतर बायोसमध्ये जे कराल ते पुसलं जाईल.

केबल: बहुतेक वेळा दोष इथेच

मोड २ च्या वर जायला ८० तारांची केबल लागते. कनेक्टर तोच ४० पिनांचा, पण मध्ये ४० जादा तारा, सगळ्या ग्राउंडच्या, सिग्नलच्या शेजारच्या तारांमधली गडबड शोषून घ्यायला. बघून ओळखता येते: ४० तारांच्या केबलमध्ये रेघा जाड आणि मोजता येतील अशा, ८० तारांच्या केबलमध्ये बारीक आणि दाट. कोणीतरी जुन्या सीडी ड्राइव्हची केबल हार्ड डिस्कला लावलेली असणं हे फारच सर्रास आढळतं.

८० तारांच्या केबलला दिशा असते. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टरला म्हणजे पहिल्या ड्राइव्हला, मधलं करडं स्लेव्हला म्हणजे दुसऱ्याला. केबल उलटी लावली तर बोर्डला ती ८० तारांची आहे हे ओळखता येत नाही, कारण ती खूण निळ्या कनेक्टरच्या ३४ क्रमांकाच्या पिनेत केलेली असते. एकच ड्राइव्ह असेल तर तो काळ्या टोकाला लावा. मधल्या करड्या कनेक्टरला लावून टोक मोकळं सोडलं की सिग्नल त्या मोकळ्या टोकावरून परत फिरतो आणि सीआरसीच्या चुका सुरू होतात.

लांबी १८ इंच, म्हणजे सुमारे ४६ सेंटिमीटर, ही मर्यादा आहे. मोठ्या कॅबिनेटसाठी मिळणाऱ्या लांब केबल्स आणि तारा चिरून गोल गुंडाळलेल्या शोभेच्या केबल्स टाळा. गोल केबलमध्ये सिग्नल आणि ग्राउंड यांची शेजार-शेजार रचना मोडते, आणि ती रचना हाच तर ८० तारांचा सगळा उपयोग आहे.

केबल काढताना तारांना धरून ओढू नका, कनेक्टर धरून काढा. कनेक्टरच्या मुळाशी तार अर्धवट तुटली की तीच केबल थंड असताना चालते आणि कॅबिनेट तापल्यावर चुका करते. अशा केबलवर वेळ घालवू नका, सरळ नवी टाका.

ड्राइव्ह मास्टर की स्लेव्ह हे ठरवणारा त्याच्या पिनांवरचा छोटा जंपरही तपासा. दोन्ही ड्राइव्ह 'केबल सिलेक्ट'वर किंवा एक मास्टर आणि एक स्लेव्ह, अशी जोडी ठेवा, मिसळ नको. वेस्टर्न डिजिटलच्या बऱ्याच आयडीई ड्राइव्हवर एकटा ड्राइव्ह आणि स्लेव्हसोबतचा मास्टर यांची जंपर रचना वेगळी असते, ती वरच्या लेबलवर छापलेली असते.

शेवटी वीज. एसएमपीएसची, म्हणजे पीसीच्या पॉवर सप्लायची, ५ व्होल्टची लाइन ४.७५ ते ५.२५ आणि १२ व्होल्टची ११.४ ते १२.६ या दरम्यान हवी. डिस्कवर काम चालू असताना मल्टीमीटरने मोजा, नुसत्या चालू पीसीवर मोजून उपयोग नाही.

एक्सपीमध्ये वेग परत आणणं

केबल आणि वीज ठीक केल्यावरच पुढचं.

१. साधा मार्ग: डिव्हाइस मॅनेजरमध्ये घसरलेल्या चॅनलवर उजवं क्लिक, 'अनइन्स्टॉल', रिस्टार्ट. एक्सपी चॅनल नव्याने ओळखतो आणि साचलेली मोजणी पुसली जाते. कधी कधी आणखी एक रिस्टार्ट मागतो, द्या. काढायचा तो चॅनल, वरचा कंट्रोलर नाही. कंट्रोलरचा ड्रायव्हर चिपसेटच्या कंपनीचा असेल आणि त्याची फाइल हाताशी नसेल तर पीसी बूट होण्यात अडकू शकतो.

२. याने जमलं नाही तर रजिस्ट्री. 'एच-की लोकल मशीन'मध्ये सिस्टिम, करंट कंट्रोल सेट, कंट्रोल, क्लास असं खाली जा आणि महिरपी कंसातल्या नावांपैकी ४डी३६ई९६ए ने सुरू होणारी की उघडा. आधी ती पूर्ण की एक्स्पोर्ट करून ठेवा. आत ०००१, ०००२ अशा उप-की असतात. कोणती कुठल्या चॅनलची हे 'ड्रायव्हर डेस्क' (डिस्क्रिप्शनचं लघुरूप) या व्हॅल्यूत लिहिलेलं असतं, क्रमांकावरून अंदाज करू नका. योग्य उप-कीतून 'मास्टर आयडी डेटा चेकसम' आणि असेल तर 'स्लेव्ह आयडी डेटा चेकसम' या दोनच व्हॅल्यू काढा. ही नावं तिथे इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता सलग लिहिलेली असतात. रिस्टार्ट करा.

त्याच उप-कीत 'रीसेट एरर काउंटर्स ऑन सक्सेस' नावाची डीवर्ड व्हॅल्यू बनवून १ ठेवता येते. हेही नाव सलगच लिहायचं. याने प्रत्येक यशस्वी मागणीनंतर मोजणी शून्यावर येते आणि तुरळक चुका साचत नाहीत. स्टँडबायमधून उठताना दर वेळी एक टाइमआउट खाणारा लॅपटॉप किंवा ओरखडे पडलेल्या सीडी वाचणारा ड्राइव्ह, यांच्यासाठी हा योग्य उपाय आहे. हार्ड डिस्कवर सीआरसीच्या चुका वाढत असताना तो लावू नका. तसं करणं म्हणजे धुराचा अलार्म बंद करून झोपणं.

व्हिस्टा आणि विंडोज ७ मध्ये चॅनलच्या त्याच टॅबवर 'एनेबल डीएमए' अशी खूण असते. विंडोज ९८ मध्ये डीएमएची चौकट चॅनलवर नसून त्या डिस्कच्या प्रॉपर्टीजमध्ये 'सेटिंग्ज'खाली आहे. तिथे खूण केल्यावर पीसी अडकला तर सेफ मोडमध्ये जाऊन काढा.

लिनक्सवर

आधी कुठली पद्धत चालू आहे ते ओळखा. डिस्कचं नाव एचडीए, एचडीबी असं असेल तर जुना आयडीई ड्रायव्हर. एसडीए, एसडीबी असेल तर लिबाटा हा नवा ड्रायव्हर. जुना ड्रायव्हर कर्नल ५.१४ मधून काढून टाकला गेला, त्यामुळे नव्या कर्नलवर प्रश्नच येत नाही.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ट्रान्सफर मोड हा ड्राइव्ह आणि कंट्रोलर या दोघांमधला करार आहे. एकाला मोड ५ सांगितला आणि दुसरा मोड २ च्या वेळेवर चालला तर वाचलेला डेटा कचरा असतो. लिबाटा हा करार स्वतः करतो आणि बाहेरून एका बाजूला बदलू देत नाही. म्हणून तिथे 'एचडीपार्म' या डिस्कची सेटिंग्ज बदलणाऱ्या आज्ञेने डीएमए चालू करायला गेलात की परवानगी नाही असं उत्तर येतं. तो बिघाड नाही. जुन्या लेखांतल्या एचडीपार्मच्या आज्ञा लिबाटावर डोळे झाकून चालवू नका.

जुन्या ड्रायव्हरवर क्रम असा. एचडीपार्मच्या कॅपिटल आय पर्यायाने ड्राइव्ह कोणते मोड झेपवतो ते बघा, चालू मोडवर तारका असते. मशीन सिंगल यूजर मोडमध्ये आणा आणि फाइल सिस्टिम 'रीड ओन्ली' माउंट करा. मग स्मॉल डी १ ने डीएमए चालू करा, कॅपिटल एक्सने मोड द्या, आणि सुरुवात मोड २ पासून करा. आकड्यात द्यायचा तर ६४ अधिक मोड, म्हणजे मोड २ साठी ६६ आणि मोड ५ साठी ६९. स्मॉल टीने वाचनवेग मोजा, डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या संदेशांत, चुका बघा, मगच वरची पायरी. मधेच मशीन गोठलं तरी रीड ओन्ली असल्यामुळे डेटाला धक्का लागत नाही. समाधानकारक चालेपर्यंत आज्ञा स्टार्टअप फाइलमध्ये घालू नका, नाहीतर चुकीचा मोड दर बूटला स्वतःच बसेल.

लिबाटावर बूटच्या ओळीत 'लिबाटा डॉट फोर्स' हा पॅरामीटर वापरून एखाद्या पोर्टला कमी मोडवर बांधता येतं. त्यानेच केबल ८० तारांची आहे असं जबरदस्तीने सांगताही येतं. तो पर्याय केबल डोळ्यांनी बघून खात्री झाली असेल तरच वापरा. लॅपटॉपच्या आखूड जोडणीसाठी वेगळा 'शॉर्ट ४०सी' हा शब्द आहे, तोच तिथे योग्य.

डीमेसेजमध्ये काय वाचायचं: जुन्या ड्रायव्हरवर एरर कोड ०एक्स८४ आणि 'बॅड सीआरसी' म्हणजे वाटेतला दोष, ०एक्स४० आणि 'अनकरेक्टेबल एरर' म्हणजे डिस्कचा सेक्टर. लिबाटावर 'लिमिटिंग स्पीड टू यूडीएमए ३३' अशी ओळ आली तर तोही एक्सपीसारखाच पायरी उतरतोय.

बायोस

पीआयओ आणि यूडीएमए दोन्ही 'ऑटो' ठेवा. इथे यूडीएमए बंद असेल तर काही बोर्डवर विंडोजही पीआयओच्या वर चढत नाही.

बोर्ड सॅटाचा, म्हणजे आयडीईनंतर आलेल्या जोडणीचा, असेल तर आणखी एक सापळा आहे: आयडीई मोड बदलून एएचसीआय हा सॅटाचा स्वतःचा मोड करण्याचा. विंडोज आयडीई मोडमध्ये बसवलेलं असताना बायोसमध्ये थेट बदललं तर निळी स्क्रीन आणि ०एक्स७बी हा एरर कोड. घाबरू नका, बायोसमध्ये परत आयडीई केलं की पीसी उठतो. विंडोज ७ मध्ये बदल करायचाच असेल तर आधी सर्व्हिसेसच्या रजिस्ट्रीत 'एमएस-एएचसीआय' या कीची 'स्टार्ट' व्हॅल्यू ० करा आणि मग बायोस बदला.

बदलल्यावर तपासणी

वेग वाढला म्हणजे काम झालं असं नाही. रॅमपेक्षा मोठी फाइल घ्या, नाहीतर परत वाचताना ती मेमरीतूनच येईल. तिचा एमडी५, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, काढा, त्याच डिस्कवर कॉपी करा, रिस्टार्ट करा, कॉपीचा एमडी५ काढा. असं पाच-सहा वेळा, आणि त्यातल्या दोन-तीन वेळा पीसी तासभर तापल्यावर. मग १९९ चा आकडा लिहून ठेवलेल्याशी ताडा.

एमडी५ जुळला आणि १९९ हलला नाही: ठीक. एमडी५ जुळला पण १९९ वाढला: चुका होताहेत, पकडल्याही जाताहेत, केबलकडे परत जा. एमडी५ जुळला नाही आणि १९९ जागेवरच: संशय रॅमवर किंवा चिपसेटवर. मेमटेस्ट रात्रभर चालवा. हा तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण आतापर्यंत घेतलेल्या बॅकअपमध्येही चुकीच्या फाइल्स गेलेल्या असू शकतात. अशा वेळी जुन्या बॅकअपवर नवा बॅकअप लिहू नका.

तरीही घसरत असेल तर

मोड कमी करून स्थिर चालतो का बघा. ड्राइव्ह कंपन्यांची डॉसवर चालणारी छोटी साधनं होती, उदाहरणार्थ हिताचीचं फीचर टूल, ज्यांनी ड्राइव्हलाच कमाल मोड ठरवून देता येतो. मोड २ वर ३३ एमबी मिळतात, सीआरसीचं संरक्षणही राहतं. जुन्या डिस्कवर रोजच्या कामात मोड ५ शी फरक फारसा जाणवत नाही. पीआयओपेक्षा हा तोडगा सगळ्या बाजूंनी चांगला.

आयडीई पोर्टवर अडॅप्टर लावून कॉम्पॅक्टफ्लॅश कार्ड बसवलं असेल तर वेगळं प्रकरण असू शकतं. काही अडॅप्टरवर डीएमएच्या दोन तारा जोडलेल्याच नसतात. तिथे डीएमए चालू केला की पीसी बूटला अडकतो. त्या तारा जोडलेला अडॅप्टर आणा किंवा पीआयओवरच राहा.

दोष ड्राइव्हचा की बोर्डचा हे ठरवायला ड्राइव्ह चांगल्या केबलने दुसऱ्या पीसीला लावा आणि तीच एमडी५ची चाचणी करा. १९९ तिथेही वाढला तर ड्राइव्हचा सर्किट बोर्ड किंवा कनेक्टर गेलाय, डेटा काढून ड्राइव्ह बाजूला ठेवा. तिथे शांत राहिला तर तुमच्या बोर्डचा पोर्ट दोषी. आधी हार्ड डिस्क सेकंडरी चॅनलवर हलवून बघा, बायोसमधला बूटचा क्रम त्याप्रमाणे बदलून. दोन्ही चॅनलवर चुका आल्या तर पीसीआय स्लॉटमध्ये बसणारं आयडीई कार्ड लावा, पण त्याचा ड्रायव्हर डिस्क हलवण्याआधी इन्स्टॉल करा, नंतर केलात तर तीच ०एक्स७बी ची निळी स्क्रीन समोर येईल.